माझं शेकरू कुणी नेईना

त्या पोरीचं नाव मी इथं लिहिणार नाही. एक तर ती आता कुणाची तरी आई असेल, तिला उगाच कशाला त्रास. आणि खरं कारण हवं असेल तर ते असं की, नाव लिहिलं की ती छापून येईल, आणि ते मला सोसणार नाही. इतक्या वर्षांनीही नाही.

नव्वदीचं दशक सरत आलेलं. शिनोलीच्या पुढे भीमाशंकरच्या रस्त्यावरून आत वळलं की एक वाडी होती, तिथल्या चौथीपर्यंतच्या शाळेत मी शिकवत होते. दोन खोल्या आणि दोन शिक्षक. पहिली-दुसरी मुख्याध्यापक गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मी रोज घोडेगावहून एसटीनं जायची. सासर घोडेगावचं, बाजारपेठेत किराणा दुकान. माहेर वारूळवाडीचं, तिथंही दुकानच. आम्ही मूळचे राजस्थानातले, पण इकडे नेमके कधी आलो ते आजोबांनाही सांगता येत नसे. घरात मोठी माणसं मारवाडी बोलायची. मराठी मी शाळेत शिकले, आणि अशी शिकले की शुद्धलेखनात माझा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. वाडीतले लोक म्हणायचे, "बाई, तुमी लई ग्वाड बोलता. रेडिओवानी." मला ते फार आवडायचं.

मला लेखिका व्हायचं होतं. हे एकदा सांगून टाकलं की पुढचं सगळं सोपं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दिवाळी अंकांसाठी एकदोन गोष्टी लिहायची आणि सोबत तिकीट लावलेलं, स्वतःचा पत्ता घातलेलं पाकीट जोडायची. ते पाकीट मात्र न चुकता परत यायचं. आत माझीच गोष्ट आणि वर छापील चिठ्ठी, साभार परत. पोस्टमन ते दुकानातच टाकायचा, त्यामुळे मला कळायच्या आत अर्ध्या बाजारपेठेला कळलेलं असायचं. नवरा गल्ल्यावरून हाक मारायचा, "अहो लेखिकाबाई, तुमचा माल परत आलाय." तो चिडवायचा तेही प्रेमानंच, पण 'माल' हा शब्द मला लागायचा.

शाळेत पुस्तकं होती, पण कुलपात. सरकारकडून आलेली लोखंडी पेटी गुरुजींच्या खुर्चीमागे असायची आणि तिच्यावर गुरुजींची छत्री. पुस्तक फाटलं तर भरून कोण देणार, एवढाच त्यांचा प्रश्न. माणूस सरळ होता, पण पुस्तक म्हणजे त्याच्या लेखी डेडस्टॉक, टेबल-खुर्चीसारखी रजिस्टरात मोजून ठेवायची वस्तू. मी त्यांच्या इतकी मागं लागले की शेवटी त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "घ्या बाई. साहेब आले तर तुम्ही उत्तर द्या." दुकानातलं एक जुनं जाळीचं कपाट मी वाडीत जाणाऱ्या जीपवर टाकून आणलं. त्यात पूर्वी साबण ठेवायचे, म्हणून आमच्या सगळ्या पुस्तकांना साबणाचा वास यायचा. पोरं आधी वास घ्यायची, मग वाचायची.

नियम मीच केला. शनिवारी सकाळच्या शाळेत पुस्तक न्यायचं आणि पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर उभं राहून त्यातली गोष्ट सांगायची. सांगितली नाही तर नवीन पुस्तक नाही. पोरांना असं वेड लागलं की दिवाळीपर्यंत पेटी संपली. मग मी म्हटलं, आता तुम्हीच लिहा. तुमची पुस्तकं करू आणि याच कपाटात लावू. दुकानातून बिस्किटांच्या खोक्यांचा पुठ्ठा आणला, दाभणानं शिवून दिला, पाठीवर नंबर घातला. पहिली-दुसरीच्या बारक्यांनी तोंडी सांगितलेलं मी माझ्या अक्षरात उतरवून द्यायची. छापील पुस्तकांच्या शेजारी ही शिवलेली पुस्तकं उभी राहिली तेव्हा गुरुजीसुद्धा जाळीतून वाकून बघून गेले.

पोरं लिहायची ते माझ्या वळणावर. गोष्ट कसलीही असो, शेवटी तात्पर्य. एकानं विंचू चावल्याची गोष्ट लिहिली, त्याखाली तात्पर्य, नेहमी खरे बोलावे. मी हसले, पण मनातून खूश झाले. आपण शिकवलेलं उतरतंय, असं वाटायचं.

आणि मग या पोरीनं म्हशीची गोष्ट लिहिली.

तिसरीत होती. केस कायम पिंजारलेले, नाक पुसायला फ्रॉकची बाही, पाढे विचारले की छताकडे बघायची. घरी भाताची थोडी खाचरं, उन्हाळ्यात हिरडा गोळा करायचा. तिची गोष्ट अशी. त्यांची म्हैस दावं तोडून पळाली आणि डांबरी रस्त्यानं थेट भीमाशंकरला निघाली. वाटेत एसटी थांबली. कंडक्टर म्हणाला, तिकीट काढ, फुल काढायचं का हाफ ते वयावर. म्हैस म्हणाली, मला वय कुणी सांगितलंच नाही. ती चालतच देवळात गेली. तिथं नंदी उठून उभा राहिला आणि म्हणाला, "हितं जागा न्हाई. जागा एकच हाय आन् ती माझी हाय." दोघांचं भांडण जुंपलं. देव आतून ओरडला, "आरं झोपू द्या की रं!" मग म्हैस पेढा खाऊन घरी आली, पण त्या दिवसापासून दूध काढताना पुढं पेढा ठेवल्याशिवाय पान्हा सोडेना.

वर्ग नुसता लोळत होता. मीही हसले. हसता हसताच मी विचारलं, "तात्पर्य कुठंय?"

ती म्हणाली, "म्हस घरी आली की बाई. आता काय राह्यलं?"

ते पुस्तक शिवलं आणि कपाटात लावलं, पण कपाटात ते कधी दिसलंच नाही. एकानं आणलं की दारातच दुसरा ओढून घ्यायचा. चौथीची दांडगी पोरं त्यासाठी मधल्या सुट्टीत हातघाईवर आली. आमच्या एसटीच्या कंडक्टरनंही, त्यात कंडक्टर आहे हे कळल्यावर, एका फेरीला ते मागून नेलं आणि दुसऱ्या फेरीला परत दिलं. मला म्हणतो, "बाई, काय लिव्हलंय राव! ह्ये तर पेपरात यायला पायजेल." मी तिकिटाचे पैसे त्याच्या हातावर आपटले.

तिनं पुढं लिहितच ठेवलं. तळ्यात पडलेल्या चंद्राला वर काढायला ग्रामपंचायत ठराव करते, ती एक. स्वतःच्या लग्नातून पळून गेलेल्या कोंबडीची एक. कधी मनात आलं तर लिहायची, नाही तर महिनाभर नाही. मी बसायची पहाटे उठून, डोळ्यांवर पाणी मारून, एकेक वाक्य घासून पुसून. आणि ही पोर भाताच्या बांधावर बसून पेन्सिल चावत लिहायची आणि लिहिलेलं विसरूनही जायची. माझा जळफळाट व्हायचा. तिच्या वह्या तपासताना मी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर इतक्या जोरात लाल रेघा ओढायची की त्या कागदाच्या मागून उमटायच्या. आठ वर्षांच्या पोरीवर कुणी जळतं का? मी जळत होते. लोक दागिन्यांवर जळतात, जावेच्या फ्रिजवर जळतात, त्यापेक्षा हे बरं, असं मी स्वतःला सांगायची.

मग माझ्या मनात आलं की परीक्षा एकदा होऊनच जाऊ दे. माझी एक शेकरूची गोष्ट नुकतीच परत आली होती. दुष्काळात जंगलातलं एक शेकरू साठवलेली सगळी फळं प्राण्यांना वाटून टाकतं आणि शेवटी वनदेवता प्रसन्न होते, अशी. भाषा अशी की एकेक शब्द पुसून ठेवलेला. मी वरचं माझं नाव-पत्त्याचं पान काढलं, उरलेल्या पानांना दाभणानं टाके घातले, पुठ्ठा लावला, नंबर घातला आणि गुपचूप कपाटात ठेवलं. बारक्यांच्या गोष्टी माझ्याच अक्षरात असायच्या, त्यामुळे अक्षरावरून कुणाला संशय येण्याचं कारण नव्हतं. मला फक्त एवढंच बघायचं होतं की एखादं पोर, कुणी न सांगता, आपल्या हातानं माझी गोष्ट उचलतं का. संपादकांचं सोडा, त्यांना काय कळतं. पोरांनी उचललं तर मी खरी.

कुणी उचलेना.

मी ते वरच्या फळीवर ठेवलं. मग खालच्या फळीवर, बारक्यांच्या डोळ्यांसमोर. मग मुखपृष्ठावर रंगीत खडूनं शेकरू काढलं, लांब शेपटीचं. पोरं हातात घ्यायची, वास घ्यायची, पहिलं पान वाचायची आणि जिथल्या तिथं नीट ठेवून द्यायची. नीट ठेवायची त्याचाच मला राग यायचा. तिची पुस्तकं फेकाफेकीत फाटत होती, माझं कोरं करकरीत. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, पण इथं तर कुणी चाखूनही बघत नव्हतं.

ती चौथीत गेली तेव्हा कपाटातलं बाकी सगळं तिचं वाचून झालं होतं. एका शनिवारी ती बराच वेळ जाळीसमोर उभी राहिली आणि शेवटी माझं शेकरू काढलं.  रविवार सरता सरेना. सोमवारी मी फळा पुसत पुसत, तिच्याकडे पाठ करून विचारलं, "काय गं, शेकरूची गोष्ट वाचलीस का?"

"वाचली."

"कशी आहे?"

"बरी हाय. पन बाई, त्यात कुणी जेवतच न्हाई."

"अगं, सगळी फळं वाटतं ना ते!"

"वाटतंय की. खात कुणीच न्हाई."

घरी जाऊन मी माझी कच्ची प्रत काढून बघितली. खरंच कुणी खात नव्हतं. फळं 'अर्पण' होत होती, 'स्वीकारली' जात होती, आणि पुढच्याच ओळीत वनदेवता येत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

शनिवारी तिची सांगायची पाळी आली. ती उभी राहिली, माझं पुस्तक छातीशी धरलं आणि सुरू झाली. एक फॉरेस्टवाला भर उन्हात झाडाखाली बसतो आणि डबा सोडतो. डब्यात भाकरी आणि लसणाचा ठेचा. वरून शेकरू येतं आणि सगळाच्या सगळा ठेचा पळवतं. तोंड पेटतं तसं ते या झाडावरून त्या झाडावर पाणी मागत सुटतं. झाडं म्हणतात, दुष्काळ आहे बाबा, आमालाच न्हाई. ते इतकं ओरडतं की ढग विचारायला खाली येतात, काय झालं? त्यांच्याही डोळ्यांत ठेचा जातो आणि ते रडायला लागतात. झाला पाऊस. फॉरेस्टवाला कोरडी भाकरी भिजवून खातो आणि म्हणतो, "उद्या बायकूला जास्त ठेचा द्यायला सांगतो. भात लावायचाय."

पोरं बाकावर हात आपटत होती. आमच्या घरात लसूण येत नाही. माझ्या शेकरूनं तर जन्मात खाल्ला नसता. पण मी हसत होते, आणि हसू दाबायला पदर तोंडाशी धरून बसले होते.

त्या दिवशी शाळा सुटताना कपाटापुढं गर्दी झाली. सगळ्यांना एकच पुस्तक हवं होतं, माझं. मला ढकलाढकली थांबवावी लागली. गोष्ट तिची असली तरी पुस्तक तर माझंच होतं, आणि एकदा हातात पडल्यावर वाचतील तरी, असा मी हिशेब केला. एसटीत मी खिडकीशी बसून एकटीच हसत होते.

सोमवारी पुस्तक परत आलं. नेणारा मुलगा फुरंगटला होता. "बाई, ह्यात ठेचा न्हाई." दुसऱ्यानं नेलं, त्यालाही सापडला नाही. तिसऱ्यानं तर दोन दिवस घरी सगळ्यांकडून वाचून घेतलं. मग पोरांनी आपापसात निकाल लावला की ठेच्याची पानं कुणीतरी फाडून नेली. आणि माझ्या नकळत पाचसहा जण थेट गुरुजींकडे तक्रार घेऊन गेले.

डेडस्टॉक फाटला म्हटल्यावर गुरुजी हातातली छडी टाकून माझ्या वर्गात आले. पुस्तक टेबलावर ठेवलं, चष्मा लावला, शिवण तपासली, पान न् पान उलटलं. "दोरा शाबूत आहे. पान फाटलेलं दिसत नाही," ते म्हणाले.

"मंग ठेचा कुठं गेला गुर्जी?" मागून आवाज आला.

गुरुजींनी तिला उभं केलं. "तू गोष्ट सांगितलीस ती याच पुस्तकातली ना?"

"व्हय."

"मग दाखव कुठं आहे ते."

मला वाटलं, आता सापडली. आता हिला म्हणावं लागेल की मी मनानंच घातलं. ती शांतपणे पुढं आली, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मोठ्यानं वाचलं, "'वनरक्षक वृक्षातळी क्षणभर विसावला होता.' ह्ये बघा. त्यो इसावला म्हंजी डबा सोडनारच ना? आन् डबा सोडल्यावं शेकरू काय नुसतं बघत बसंल?"

गुरुजींनी ओळ वाचली. पुन्हा वाचली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "पुस्तक पूर्ण आहे. नीट वाचत जा रे." तक्रार निकाली निघाली.

जाता जाता ते माझ्याजवळ थांबले. "बाई, लिहिलंय कुणी हे? भाषा जरा जड आहे."

"असेल बारक्यांपैकी कुणाचं तरी," मी म्हटलं. "मी फक्त उतरवून दिलं."

ती टेबलापाशीच उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. मला तेव्हा एवढंच वाटत होतं की, 'विसावला' हा शब्द मी लिहिला तेव्हा मला तो माणूस दिसलाच नव्हता. मला फक्त शब्द दिसला होता. तिला माणूस दिसला, त्याचा डबा दिसला, डब्यातला ठेचासुद्धा दिसला. आणि ते सगळं माझ्याच वाक्यात. माझ्याच घरात येऊन कुणीतरी माझ्याच डब्यातले लाडू खावेत आणि मला मात्र डबा रिकामाच दिसावा, तशी माझी गत झाली.

ठेचा नाही म्हटल्यावर ते पुस्तक पुन्हा कुणी नेलं नाही.

एप्रिलमध्ये चौथीच्या मुलांना निरोप द्यायचा होता. पुढं त्यांना पायी शिनोलीच्या शाळेत जायचं होतं. गुरुजींनी भेळ आणवली होती. मी जाहीर केलं की जाताना प्रत्येकानं शिवलेल्या पुस्तकांतलं एक पुस्तक, कुठलंही, कायमचं घरी न्यावं. पोरं कपाटावर तुटून पडली. म्हशीच्या पुस्तकासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. कोंबडीचं गेलं, चंद्राचं गेलं. ती मात्र घाईत नव्हती. सगळ्यांचं झाल्यावर आली, आणि स्वतःचं एक उरलं होतं त्याला हातही न लावता माझं शेकरू काढून घेतलं.

मी टेबलाशी बसले होते. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माझं लिहिलेलं स्वतः होऊन, कायमचं घरी नेत होतं, आणि तीही हीच पोर. मला वाटलं, संपलं सगळं, मिटलं. मी तिला जवळ बोलावलं. म्हटलं, "हेच का गं घेतलंस?"

तिनं पान उलटून मला मागची बाजू दाखवली. "बाई, ह्ये एकच पाठकोरं हाय. बाकीची सगळी दोनी अंगानं भरल्यात. मला लिवायला व्हईल."

दिवाळी अंकवाल्यांचा नियम असतो, मजकूर कागदाच्या एकाच बाजूस लिहावा. तो मी आयुष्यभर पाळला होता. चांगला जाड, पांढरा कागद, आणि मागची बाजू सगळी कोरी.

तिला एक ठेवून द्यावी, असं मला मनापासून वाटलं. ती पुस्तक तसंच धरून उभी होती. "चालंल ना बाई?"

"चालेल," मी म्हटलं.

ती दाराबाहेर पायरीवर जाऊन बसली. भेळेचा कागद मांडीवरून झटकला, पुस्तक उलटं करून गुडघ्यावर ठेवलं आणि थोडा वेळ समोर रस्त्याकडे बघत राहिली. मला ते बघणं ओळखीचं होतं. मी पहाटे उठून तसंच बघायची, फक्त मला काही दिसायचं नाही. मग ती एकदम उठून आत आली.

"बाई, पेन द्या की."

माझं पेन पर्समध्ये होतं. शाईचं, नवऱ्यानं दिलेलं. मी त्यानं वह्या कधी तपासल्या नाहीत, त्यानं फक्त गोष्टी लिहायची.

मी टेबलावरची पेन्सिल उचलून तिला दिली.